उद्यापासून पोरं न्हाईत

माय, परवा आपल्या गावात समुद्रापलीकडच्या देशातून काही बायका आल्या होत्या, आणि त्या तुझी गोष्ट ऐकायला आल्या होत्या असं मी तुला सांगितलं असतं, तर पदराचं टोक दातात धरून तू हसली असतीस आणि म्हणाली असतीस, "काहून फसवून राह्यली?" मी फसवत नाही. राजूरहून आपल्या गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर त्यांची गाडी थांबली. त्यातली सगळ्यात वयस्कर बाई, जाड भिंगांचा चष्मा लावलेली, उतरली ती आधी बांधावर गेली आणि मातीचं ढेकूळ उचलून बोटांनी चुरून पाहू लागली. तेव्हाच मला कळलं की हिच्याशी माझं जमणार. तिच्या देशात कोकोची शेती आहे. ज्याचं चॉकलेट करतात ते फळ. त्याची बोंडं कोयत्यानं फोडावी लागतात, जड पोती डोक्यावरून वाहावी लागतात, आणि ते काम तिच्या गावात वर्षानुवर्षं लहान मुलं करत होती. आता ती आणि तिच्यासारख्या बायका मिळून मुलांना त्यातून बाहेर काढतात. मी ज्या संस्थेत काम करते, तिनं त्यांना इथं बोलावलं होतं, आपल्याकडच्या बियाण्यांच्या प्लॉटवर हे कसं जमलं ते दाखवायला. आणि कसं जमलं हे सांगायचं तर मला तुझ्यापासूनच सुरुवात करावी लागते.

तू मुकादम होतीस. हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते. आपल्या भागात भेंडीचं, मिरचीचं, कापसाचं बियाणं तयार करायचे प्लॉट होते तसेच आजही आहेत. फरक इतकाच की आता पुष्कळ ठिकाणी शेडनेट आलं आहे. प्लॉटवाल्याला क्रॉसिंगसाठी, म्हणजे हातानं फुलं फळवायला, माणसं लागायची आणि ती टोळी तू जमवायचीस. पावसाळ्यात बा मेंढरं घेऊन धावड्याकडच्या डोंगरात असायचा, त्यामुळे घरही तुझं आणि टोळीही तुझीच. तांबडं फुटायच्या आधी तू गल्लीतून फिरायचीस. "उठा गं बायांनो, फुलं उठली, तुमी अजून निजून राह्यल्या." तुझा आवाज ऐकून आधी कुत्री उठायची, मग बाया, आणि बायांच्या आधी आम्ही पोरं. कारण टोळीत निम्मी पोरंच असायची, बहुतेक पोरी. मी त्यातलीच एक.

पाहुण्यांना मी ते काम हातानं करून दाखवलं. भेंडीचं फूल एका सकाळचंच असतं. उद्या कुठली कळी उमलणार ते आदल्या दुपारी ओळखायचं, नखानं तिच्या पाकळ्या अलगद सोलायच्या, आतले पिवळे पुंकेसर खरवडून काढायचे, मधल्या दांडीला धक्का लागू द्यायचा नाही, आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढायची, नराच्या ओळीतलं उमललेलं फूल आणून त्या दांडीवर फिरवायचं आणि टोपी परत घालायची. असं रोज, बहर संपेपर्यंत. शाळा भरायची वेळ आणि फुलाची वेळ एकच. मोठ्या बायांना वाकावं लागायचं, आमची उंची झाडाएवढीच. बोटं बारीक, नजर तेज, आणि मजुरी बाईच्या निम्मी. "पोरांचा हात हलका असतो," प्लॉटचा मालक म्हणायचा, आणि तूही म्हणायचीस. हे मी पाहुण्यांपासून लपवलं नाही. माझी आई जन्मापासून शहाणी होती असं मी कधीच सांगत नाही. तू आम्हाला प्लॉटवर घेऊन जात होतीस, आणि सगळ्या गावाला ते बराबर वाटत होतं.

मलाही वाटत होतं. भेंडीच्या पानांची बारीक लव हातापायाला लागून रात्री खाज सुटायची, तू खोबरेल तेल चोळायचीस, तरी मला प्लॉट आवडायचा. माझा हात सगळ्या पोरींत जल्दी चालायचा. मालक टोळीसमोर म्हणायचा, "मुकादमाची पोरगी मशीन हाये," आणि तू माझ्याकडे बघायचीस. शाळेत मला असं कोणी काही म्हणत नव्हतं. शाळेत माझं नाव हजेरीत होतं, एवढंच.

मग ती सकाळ आली. आदल्या संध्याकाळी आम्ही घरी गेल्यावर मालकानं तुडतुड्यांच्या किडीवर औषधाची फवारणी केली होती. तुला सांगितलं नव्हतं. त्या काळी कोणी सांगतही नव्हतं. सकाळी पानांवर दव होतं आणि वास येत होता, पण वास तर प्लॉटवर नेहमीच यायचा. आमच्या शेजारची धाकटी पोरगी माझ्या पलीकडच्या ओळीत होती. सात-आठ वर्षांची असेल. कामाच्या नादात आम्ही कोवळी भेंडी तोडून कच्चीच खायचो, तशी तिनंही खाल्ली. थोड्या वेळानं ती खाली बसलेली दिसली. मला वाटलं लघवीला बसली. मग तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, ती ओकली आणि आडवी झाली.

ते तुला लांबून दिसलं. तू ओळी तुडवत आलीस. तू, जी आमचा पाय चुकून एका झाडाला लागला तरी पाठीत धपाटा घालायचीस, ती झाडं मोडत आलीस. तिला खांद्यावर टाकलंस आणि पळत सुटलीस. मी तुझ्या मागे. रस्त्यावर राजूरकडे जाणारी दुधाची गाडी येत होती, तू तिच्या पुढ्यातच उभी राहिलीस. गाडीवाला शिव्या देत थांबला, मग त्यानं पोरीचं तोंड बघितलं आणि दुधाचे कॅन बाजूला सरकवले. कॅनांच्या मधे बसून आपण गेलो. तू सारखी तिच्या गालावर चापट्या मारत होतीस, "झोपू नको गं, डोळे उघड, माह्याकडं पाह्य."

राजूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. तरुण होत्या, चिडक्या वाटल्या. त्यांनी पोरीचे डोळे उघडून पाहिले, लगेच इंजेक्शन दिलं, नळी घालून पोट धुतलं, परत इंजेक्शन दिलं. मी दाराशी उभी राहून पाहत होते. मग तिचा श्वास जरा सरळ झाला आणि त्यांनी मान वर करून विचारलं, "कोणाची आहे ही?"

तू म्हणालीस, "माझी हाये."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

"आई असून फवारलेल्या रानात पाठवता लेकराला? वय काय हिचं?"

"असंल सात-आठ."

"असेल? स्वतःच्या पोरीचं वय माहीत नाही तुम्हाला?"

त्या बोलत राहिल्या. आणखी थोडा उशीर झाला असता तर पोरगी हाताला लागली नसती, तुमच्यासारख्या आया पाहिल्या की आमचं डोकं फिरतं, चार पैशासाठी लेकरांचा जीव घालवता. तू खाली मान घालून उभी होतीस. माय, मी तुला मालकाशी भांडताना पाहिलं होतं, बाशी भांडताना पाहिलं होतं, बाजारात व्यापाऱ्याच्या तागडीवर हात ठेवताना पाहिलं होतं. खाली मान घातलेलं तुला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "ती माझी नाही, शेजारणीची आहे," एवढं म्हणाली असतीस तर त्या सगळ्यातून सुटली असतीस. पुष्कळ वर्षांनी मी तुला विचारलं की तू तसं का म्हणालीस. तू भाकरी थापत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "दुसऱ्याची सांगतली असती तं म्हनल्या असत्या, तिच्या मायला बोलवा, मंग भरती करू. तवर कोन थांबतंय?" एवढंच कारण होतं. तरी मला वाटतं की एकदा ते तोंडातून गेलं आणि मग तुला ते परत घेता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी घरी आली. पोरगी फिकी पडली होती पण पेज पीत होती. त्याच संध्याकाळी तू टोळीतल्या बायांना आपल्या अंगणात बोलावलंस. मला वाटलं, फवारणीबद्दल मालकाशी बोलायचं ठरणार. तू उभ्या उभ्याच म्हणालीस, "उद्यापासून पोरं न्हाईत. पोरं शाळेत जातीन. आपुन बाया सकाळ-दुपार दोन्ही पाळ्या करू. भाकरी जास्तीच्या बांधा, उशीर होईन."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या, आणि सगळ्यात मोठ्यानं धाकटीची आईच बोलली. हे मी पाहुण्यांना सांगितलं तेव्हा कोकोवाली बाई हसली आणि तिनं मान डोलावली, जणू तिला ते आधीच माहीत होतं. धाकटीची आई म्हणाली, "आक्का, पोरगी बरी झाली न आता? मंग? माह्या घरात खानारी तोंडं कमी झाली का? पोरीची मजुरी गेली तं तू आनून देशील का?"

"न्हाई देनार," तू म्हणालीस. "माह्याकडं न्हाई."

"मंग तू कोन सांगनारी?"

"काल दवाखान्यात तुह्या पोरीला माझी म्हनून सांगून आले मी. लई बोलनं खाऊन आले. आता मला सांगायचा हक्क हाये."

धाकटीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं आलं की कशानं, मला कळलं नाही. ती उठून गेली. तिच्यामागे आणखी काही बाया उठल्या. अंगणात उरलेल्या बायांच्या तोंडाकडे बघून मला तर वाटलं, टोळी फुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू नेहमीसारखी हाक देत फिरलीस, पण या वेळी पोरांना हाक दिलीस. तोंडं धुवायला लावलीस, ज्याच्याकडे जे होतं ते दप्तर घ्यायला लावलंस, आणि सगळ्यांना ओळीनं शाळेत नेलंस. आमचे हेडमास्तर नुकतेच कुलूप काढत होते. एवढी पोरं आणि पुढे मुकादमबाई बघून ते किल्ली हातात घेऊन तसेच थांबले.

"काय झालं बाई? मोर्चा हाये का?"

"न्हाई गुरुजी. पोरं जमा करून घ्या. घंटी व्हईपर्यंत सोडू नका. कोनी न्यायला आलं तरी देऊ नका, मला इचारल्याबिगर."

"पण शाळा भरायला अजून टाइम आहे."

"मंग आजपासून जल्दी भरवा. फुलाची टाइम न्हाई बदलत, शाळेची बदलंल."

गुरुजी मोठे भले माणूस होते. त्यांनी खरंच त्या बहरात शाळा लवकर उघडली. पोरं अंगणात बसायची, पाढे म्हणायची, गुरुजी पेपर वाचत बसायचे. मी मात्र तुझ्यावर रुसले होते. प्लॉटवर मी मशीन होते आणि शाळेत मला वाचताना अडखळायला व्हायचं. लहान पोरं हसायची. तुला ते माहीत होतं का, मला माहीत नाही. तू कधी समजूत काढली नाहीस.

शाळेतून तू सरळ प्लॉटवर गेलीस. पुढचं मला टोळीतल्या बायांनी इतक्यांदा सांगितलं आहे की मी तिथं नव्हते हे मीच विसरते. मालक बांधावर उभा होता. म्हणाला, "वहिनी, पोरं कुठायत?"

"शाळेत."

"फूल थांबत न्हाई, वहिनी. पोरं काढली तं अर्धा प्लॉट वाया जाईन."

"मंग तुमच्या पोराला आना क्रॉसिंगला. त्याची बी उंची बराबर हाये."

मालकाचा मुलगा रोज इस्त्रीची पँट घालून भोकरदनला इंग्रजी शाळेत जायचा. मालक लालबुंद झाला. म्हणाला, दुसरी टोळी आणतो. तू म्हणालीस, आना. पण ऐन बहर होता, प्रत्येक प्लॉटवर माणसं लागलेली होती, रिकामी टोळी त्याला मिळणार नव्हती हे त्यालाही माहीत होतं आणि तुलाही. तेवढ्यात बाया यायला लागल्या. आधी आदल्या संध्याकाळी अंगणात बसून राहिलेल्या, मग उठून गेलेल्यांपैकी काही. सगळ्यात शेवटी धाकटीची आई आली, पदर खोचून ओळीला लागली. काही बाया आल्याच नाहीत, त्या दुसऱ्या मुकादमाकडे पोरांसकट गेल्या. तू त्यांच्याशी पुढेही बोलत राहिलीस, लग्नाकार्याला जात राहिलीस. मी विचारलं तर म्हणायचीस, "त्यायच्या घरात काय चाललंय, आपल्याला काय ठाव?"

त्या दिवशी मालकाकडून तू एक शब्द घेतलास: फवारायचं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. आणि तुम्ही बायांनी एक गोष्ट आपसांत ठरवली. अंगावरची, रांगती पोरं तर शाळेत जाऊ शकत नव्हती. प्लॉटच्या कडेला कडुलिंबाचं झाड होतं. तिथं साडीच्या झोळ्या बांधल्या आणि रोज एका बाईनं काम सोडून पोरं सांभाळायची, तिची मजुरी बाकीच्यांनी वाटून द्यायची असं ठरलं. पाळी आली तेव्हा धाकटीची आई म्हणाली, मला पोरंच सांभाळू द्या, मला येतं. मग तीच कायमची झोळीवाली झाली.

तो बहर पार पडला. तुमच्या पाठी मोडल्या, रात्री चुलीपुढे बसून तू कंबर धरायचीस, पण एकही फूल क्रॉसिंगवाचून राहिलं नाही. डोंगरातून बा आला, त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तू मुकादमी करून राह्यली का शाळा चालवून राह्यली?" आणि मग मेंढरांच्या मागे गेलेला माझा धाकटा भाऊ त्यानं स्वतःच घरी आणून सोडला. म्हणाला, "घे, हा बी जमा कर."

पुढच्या वर्षी मालकानं तुझ्या टोळीला बोलावलं नाही. पोरांवाली टोळी स्वस्त पडत होती. तो पावसाळा तुम्ही निंदणीवर काढला, मिळेल त्या रानात. त्या वर्षी दिवाळीला घरात नवा कपडा आला नाही आणि टोळीतल्या बायांनी तुला ते ऐकवलंही. तू ऐकून घेतलंस. पोरं परत काढायची का, असं मात्र तू कोणाला विचारलं नाहीस.

मग हळूहळू वारं बदललं. बियाणं घेणाऱ्या कंपन्यांकडे बाहेरच्या देशांतले लोक विचारू लागले की हे कोणाच्या हातचं बियाणं आहे. तपासणीच्या गाड्या यायला लागल्या. गाडीचा धुरळा दिसला की प्लॉटवाले पोरांना मक्यात लपवायचे, गाडी गेली की परत ओळीत. मालकाच्या प्लॉटवर एकदा पोरं सापडली आणि त्याचं सगळं बियाणं अडलं. पुढच्या पावसाळ्यात, पेरणीही झाली नव्हती तेव्हा तो तुझ्या अंगणात येऊन बाजेवर बसला. मी चहा दिला. त्यानं चहा बशीत ओतला, प्याला, आणि बराच वेळ पावसापाण्याचं बोलून शेवटी म्हणाला, "वहिनी, यंदा तुमचीच टोळी पाह्यजे. पोरं बिलकुल नकोत."

तू म्हणालीस, "झोळीवालीची मजुरी तुमाला द्यावी लागंल."

तो म्हणाला, "देईन." त्या वर्षी प्लॉटवर मोठी पाटी लागली, इथं बालमजूर नाहीत म्हणून, खाली मालकाचं नाव. मी तुला वाचून दाखवली. मला फार राग आला होता, तुझं नाव हवं होतं. तू म्हणालीस, "माह्या नावाचं काय काम? पाटी हाये न? राहू दे." आणि हसत ओळीत शिरलीस. आज त्या रस्त्यानं जाताना दर प्लॉटवर तशी पाटी दिसते. प्रत्येक पाटी खरी नसते, माय, हे मला कामामुळे माहीत आहे. अजूनही कुठंकुठं पोरं सापडतात. पण ती सापडली की लोक आता ओशाळतात. तुझ्या वेळी कोणी ओशाळत नव्हतं.

मी भोकरदनला शिकले, मग जालन्याला. वाचताना अडखळणं बारावीपर्यंत पुरलं आणि मग सुटलं. संस्थेत नोकरी लागली, प्लॉटोप्लॉटी फिरायची, तेव्हा तू जालन्याच्या बाजारातून माझ्यासाठी बूट आणलेस. पुरुषी, काळे, माझ्या पायाला मोठे. "फवारलेल्या रानात चपलीवर फिरू नको," म्हणालीस. बोटांपुढं कापूस भरून मी ते झिजेपर्यंत वापरले. माझ्या कामाच्या पहिल्या वर्षी तू मला जे शिकवलंस ते कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं. मी तावातावानं प्लॉटवाल्यांना कायदा सांगायचे. तू म्हणालीस, "कायदा मालकाला सांग. बाईला इचार, पोरगं शाळेत गेलं तं तुला काय अडचन व्हईन. आन मंग ती अडचन ऐकून घे." मी आजही तसंच करते. नंतर तू फार दिवस राहिली नाहीस. दुखणं थोडक्यात उरकलंस, जशी सगळी कामं उरकायचीस.

परवा पाहुण्यांना मी प्लॉटवर नेलं तेव्हा तिथं टोळी काम करत होती आणि टोळीची मुकादम होती धाकटी. हो, तीच. आता तिला धाकटी म्हणणारी मीच उरले आहे. बाकी सगळे तिला आक्का म्हणतात. तिचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. लिंबाच्या झाडाला आता झोळ्या नाहीत, पत्र्याची चांगली खोली आहे, पंखा आहे, खेळणी आहेत. पाहुण्यांनी तिला त्या दिवसाबद्दल विचारलं. ती डोक्याचं फडकं सारखं करत म्हणाली, "मला त्यातलं काई याद न्हाई. एवढंच कळतं की मला दोन माया होत्या. एकीनं जन्म देल्ता, एकीनं बोलनी खाल्ली." दुभाषी मुलीनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि कोकोवाल्या बाईनं धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले. मग तिनं स्वतःच्या गावाचं सांगितलं. तिच्याकडेही लोक म्हणतात की मुलांचे हात लहान, काम नाजूक. तिच्याकडेही आयाच सगळ्यात जास्त भांडतात. एका बैठकीत मी इतर देशांतल्या लोकांकडून वीटभट्ट्यांचं, खाणींचं, मासेमारीच्या बोटींचं ऐकलं होतं, आणि तिथंही असंच वाटलं होतं की सगळे जण आपल्या अंगणातलंच बोलत आहेत. एवढ्या मोठ्या जगात मुलांसाठी धडपडणारी इतकी माणसं आहेत, आणि त्यांच्यात बसले की मला परकं वाटत नाही. मी मुकादमाची पोरगी आहे, असं तिथं सांगते, आणि मग ते ऐकतात.

हे सगळं लिहून मी कुठं पाठवणार नाही, ते तुलाही कळतं. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली. गाडीत बसायच्या आधी त्या वयस्कर बाईनं दुभाषी मुलीसह मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुझ्या आईला भीती नाही वाटली?" मी जराही न थांबता म्हणाले, "नाही. माझी आई कोणाला भीत नव्हती." तिनं मान हलवली आणि ती गेली.

ते खरं नव्हतं. तू पोरांना शाळेत नेलंस त्या सकाळी मी लवकर जागी झाले होते. तू मागच्या दारी, मेंढरांच्या रिकाम्या वाड्यापाशी उभी होतीस. लुगडं नेसत होतीस आणि निऱ्या तुझ्या हातात राहत नव्हत्या, सुटत होत्या, तू परत गोळा करत होतीस. एकटीच पुटपुटत होतीस, "बाया आल्याच न्हाईत तं? मालकानं हाकलून देलं तं?" मग तू कुडाला कपाळ टेकवून थोडा वेळ तशीच राहिलीस. मी पाय न वाजवता आत गेले आणि गोधडी डोक्यावरून घेऊन झोपेचं सोंग केलं. मी पाहिलं, हे तुला मी कधीच कळू दिलं नाही. त्या बाईला ते सांगायला हवं होतं कदाचित, तिला उपयोगी पडलं असतं. पण नाही सांगितलं. तुझं बाकी सगळं मी आता जगाला वाटत फिरते, माय. तेवढी एक सकाळ मी कोणाला देत नाही.